ताटातला ‘च’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या स्त्रिया, आणि अलीकडे काही पुरुषही, पहिल्या दोन-तीन भेटींत कधीतरी एक वाक्य हमखास बोलतात: “घरच्यांना पौष्टिक खायला घालायचं आहे, पण पैसे पुरत नाहीत, वेळ पुरत नाही, आणि मला ते जमतच नाही.” येण्याचे कारण झोप न लागण्याचे असते, नवरा-बायकोतल्या कुरबुरीचे असते किंवा मुलांच्या अभ्यासाचे असते, पण बोलता बोलता विषय स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी येऊन अडतो. हा प्रश्न आहारतज्ज्ञांचा आहे असे समजून पूर्वी मी तो बाजूला ठेवत असे. ती माझी चूक होती. ती कशी लक्षात आली, हे एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सात भेटींतले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

त्या बाई पुण्यातल्या वारज्यात राहणाऱ्या, वय अडतीस, एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, यजमानांची फिरतीची नोकरी. संध्याकाळी चांदणी चौकातली गर्दी पार करून घरी पोचायला त्यांना सव्वासात वाजत. पहिल्या भेटीला त्या येताना एक कापडी पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यातून त्यांनी दोन महिन्यांची किराण्याची, भाजीची आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाची बिले, तारखेप्रमाणे टाचण्या लावून, माझ्या टेबलावर ठेवली.

“मॅडम, एवढा खर्च होतो आणि तरी घरात धड जेवण नाही,” त्या म्हणाल्या. “परवा तर मेथी टाकून दिली आणि पिझ्झा मागवला.”

“मेथी केव्हा आणली होती?”

“रविवारी. पालेभाजी आठवड्यातून तीनदा झालीच पाहिजे ना.”

झोप, भूक, कामातला उत्साह यांची मी नेहमीप्रमाणे चौकशी केली. काळजी वाटावी असे काही आढळले नाही. मग त्यांना फ्रिजचे आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचे फोटो काढून आणायला सांगितले. पुढच्या भेटीत ते फोटो आम्ही दोघींनी मिळून पाहिले. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीतच राहिलेली मेथीची आणखी एक जुडी होती; तिची पाने काळी पडून पिशवीत पाणी सुटले होते. कपाटात किन्वाचे अर्धवट वापरलेले पाकीट, चिया बियांची बरणी, ओट्सचे दोन डबे आणि ‘सात धान्यांचे’ म्हणून घेतलेले महागडे पीठ होते. त्यांच्या मागे, झाकणावर धूळ बसलेली, सासरहून आलेल्या भाजणीची बरणी होती.

त्या फोटोंपेक्षाही बिलांनी मला जास्त सांगितले. एका महिन्यात नऊ वेळा बाहेरून जेवण आले होते आणि त्याची बेरीज धान्य, डाळी आणि कडधान्ये यांच्या महिन्याच्या बिलापेक्षा मोठी होती. मी त्यांना कॅलेंडरवर त्या नऊ तारखांना गोल करायला सांगितले आणि त्या दिवशी मुळात काय करायचे ठरवले होते ते शेजारी लिहायला सांगितले. हिशेबाचे काम करणारी व्यक्ती असल्याने त्यांनी ते चोख केले. भरली वांगी, पराठे आणि रायता, पालक पनीर, मेथीचे मुटके घालून उंधियूसारखी भाजी. ज्या दिवशी बेत मोठा, त्याच दिवशी बाहेरचे जेवण. साध्या वरणभाताच्या बेताच्या दिवशी एकदाही काही मागवले नव्हते.

खर्चाच्या वाढीचे गणित इथेच उलगडले. सकाळी मोठा बेत ठरतो, संध्याकाळी तो करण्याचे त्राण उरत नाही, मग बाहेरून येते, मग रात्री अपराधी वाटते, आणि त्याची भरपाई म्हणून रविवारी आणखी पौष्टिक, म्हणजे आणखी महाग काहीतरी विकत आणले जाते. किन्वा भुकेपोटी आला नव्हता, अपराधीपणापोटी आला होता. (जाता जाता: किन्वा ही वनस्पती आपल्या चाकवताच्याच प्रजातीतली, म्हणजे सख्खी बहीणच. आपण तिचे दाणे दूरदेशाहून पाकिटात आणतो आणि चाकवताची जुडी भाजीवाल्याकडेच ठेवून येतो.)

तिसऱ्या भेटीत मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि घरच्या जेवणाबद्दल मनात जी वाक्ये सतत घोळतात ती जशीच्या तशी लिहायला सांगितली. त्यांनी पाच वाक्ये लिहिली.

मुलांना रोज ताजंच मिळालं पाहिजे.
ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर असायलाच हवी.
पोळ्या मीच करायला हव्यात.
आई म्हणून एवढं तर आलंच पाहिजे.
सासूबाईंनी चार माणसांचं केलंच ना?

मी त्यांच्या हातात लाल पेन दिले. “आता यातला प्रत्येक ‘च’ खोडा.”

त्यांना आधी ते हास्यास्पद वाटले. मग त्यांनी एकेक ‘च’ काळजीपूर्वक खोडला, चुकीची नोंद खोडावी तसा, शेजारी आडवी रेघ मारून. पाचव्या वाक्यापाशी हात थांबला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणे हे माझ्या कामातले सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि ते मला तिशीनंतर आले.

“पण मॅडम,” शेवटी त्या म्हणाल्या, “ताजं नाही मिळालं तर काय होईल?”

“तुम्ही सांगा. काय होईल?”

“काय होणार? कालची आमटी असेल.” त्या थांबल्या. “कालच्या आमटीत सासूबाई चकोल्या करायच्या. अजूनही करतात. हे अजून कौतुकाने सांगतात, आई उरलेल्या आमटीत चकोल्या करायची आणि आम्ही भांडं पुसून खायचो.”

“आणि रोज? रोज काय असायचं?”

“रोज भाकरी. एक कालवण. शेंगदाण्याची चटणी, कांदा. शेतावरून आलेला पाला असला तर त्याची गरगट्टी भाजी.” मग त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे भरून आले. “रोज भाजी, आमटी, कोशिंबीर कुठे असायची? ते आम्ही जायचो तेव्हा. दिवाळीत.”

मला या क्षणाचे आजही अप्रूप वाटते. दहा-बारा वर्षे त्या ज्या ताटाशी स्वतःची तुलना करत होत्या ते सणाचे ताट होते. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी आणि आमटी, मध्ये वरणभाताची मूद हे आपल्या मनातले ‘खरे जेवण’ नैवेद्याच्या पानावरून आलेले आहे. सासरी वर्षातून दोनदा जाणाऱ्या सुनेला तेच दिसते, आणि आपला मंगळवार ती दुसऱ्याच्या पाडव्याशी ताडून पाहते. हे माझ्याही लक्षात तोवर आले नव्हते. त्या दिवसानंतर मी जेवणाबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ‘ते ताट कोणत्या दिवशीचं होतं?’ असे आवर्जून विचारते.

ज्या विचारपरंपरेत माझे शिक्षण झाले, तिचे प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास असे मांडायला सुरुवात केली की माणसाला परिस्थिती जितकी छळते त्याहून अधिक तिच्याबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. इच्छा असावी, तिचा हुकूम होऊ नये. इंग्रजीत ‘मस्ट’ आणि ‘शुड’ हुडकावे लागतात. मराठीत तो हुकूम एका अक्षरात मावतो आणि कानाला लगेच ऐकू येतो. ‘ताजं मिळालं तर बरं’ आणि ‘ताजंच मिळालं पाहिजे’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत त्या बाईंचे नऊ वेळचे बाहेरचे जेवण बसले होते. माणसे विचारतात की अशाने दर्जा घसरत नाही का? माझा अनुभव नेमका उलटा आहे. हट्ट गेला की माणूस कामाला लागतो, कारण आता करण्याजोगे काहीतरी समोर असते.

आणि करण्याजोगे पुष्कळ होते. मी आहारतज्ज्ञ नाही, पण काही गोष्टी कोणत्याही घरात सांगण्याइतक्या पक्क्या आहेत. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळते. म्हणजे खिचडी, वरणभात, भाकरी-पिठले, उसळ-पोळी या आपल्या जोड्या गरिबीच्या नाहीत, शहाणपणाच्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सांगितले आहे. आपले गाडे पोळी-भातावर कलते, त्यामुळे बहुतेक घरांत सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे नवा पदार्थ आणणे नसून वरण दाट करणे आणि एक पोळी कमी करणे ही आहे. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिने असतात. कुटाचा डबा भरलेला असला की कोणतीही कोशिंबीर किंवा भाजी भरीव होते. उसळीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह शरीरात जास्त शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. लिंबाला काही फार पैसे पडत नाहीत.

चौथ्या भेटीत आम्ही वार लावले. रोज संध्याकाळी सव्वासातला, दमलेल्या डोक्याने, ‘आज काय?’ हा प्रश्न सोडवावा लागू नये एवढाच त्यामागचा हेतू होता. सोमवारी मटकीची उसळ. त्यासाठी रविवारी सकाळी पाव किलो मटकी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, आणि दुपटीहून जास्त झालेली ती मोडाची मटकी निम्मी फ्रिजमध्ये ठेवून बुधवारी भातात घालायची. मंगळवारी मुगाच्या डाळीची खिचडी, ताक आणि जे असेल ते किसून. शुक्रवारी उरलेल्या आमटीच्या चकोल्या, शनिवारी अंडी, रविवारी हवा तेवढा मोठा बेत. पालेभाजी आणायची ती एकच जुडी, आणि ती टीव्ही पाहताना मुलीने आणि आईने मिळून त्याच रात्री निवडायची. निवडलेली, कोरडी, कापडात गुंडाळलेली मेथी तीन दिवस सहज टिकते. दोन दिवस पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. या शेवटच्या कलमाला त्यांनी कडाडून विरोध केला. मी फक्त कागदावरच्या तिसऱ्या वाक्याकडे बोट दाखवले.

गुरुवार मुद्दाम रिकामा ठेवला होता. पाचव्या भेटीला यजमान आले.

“मी मदत करतोच की,” ते म्हणाले. “रोज फोन करून विचारतो, काय आणू?”

“आणि काय आणायचं ते कोण ठरवतं?”

त्यांनी बायकोकडे पाहिले, मग छताकडे. भले गृहस्थ होते. स्वयंपाकातले खरे ओझे लाटण्यापेक्षा ठरवण्याचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच. गुरुवार त्यांनी घेतला: ठरवणे, आणणे, करणे, आणि ओटा पुसणे. फिरतीवर असले तर तो गुरुवार बुधवारी किंवा शुक्रवारी सरकवायचा हेही त्यांनीच सुचवले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. सहाव्या भेटीला बाई पडलेल्या चेहऱ्याने आल्या. “सगळं फसलं. धाकट्याने भाकरी ताटात फेकली, यांचं पिठलं गाठींचं झालं, आणि रविवारी पाहुणे आले म्हणून मटकी भिजलीच नाही.”

“सगळं?” मी विचारले. “सात संध्याकाळींपैकी घरी किती जेवलात?”

त्यांनी बोटे मोजली. “पाच.”

“आणि गाठींचं पिठलं?”

“खाल्लं सगळ्यांनी. मुलगी म्हणाली, बाबा, यात गाठीच जास्त आहेत, पिठलं कुठेय?”

भाकरीचा प्रश्न आम्ही लांबवला नाही. तिसरीतल्या मुलाला एका आठवड्यात ज्वारी आवडायला हवी हाही एक ‘च’ होता. बरणीतली भाजणी त्याच पिठांची. तिचे छोटे थालीपीठ, मध्ये भोक पाडून, लोण्याच्या गोळ्यासह त्याच्यापुढे आले तेव्हा त्याने तक्रार केली नाही. मुलांची चव वारंवार पुढ्यात आल्याने बदलते. एकदा नाकारलेला पदार्थ दहा वेळा थोडा थोडा वाढावा लागतो, आणि तो वाढताना चेहरा कोरा ठेवावा लागतो. हे दुसरे जास्त कठीण.

शेवटच्या भेटीला त्या पुन्हा तीच कापडी पिशवी घेऊन आल्या. महिन्यातले बाहेरचे जेवण तीनदा झाले होते, त्यातले एक वाढदिवसाचे. किराण्याचे बिल थोडे वाढले होते, एकूण खर्च कमी झाला होता, आणि तो किती कमी झाला हे त्यांनी पैशांपर्यंत काढून आणले होते. किन्वा संपला का, असे मी विचारले. मुलीने त्याचा उपमा करून पाहिला, बरा झाला, पुन्हा आणणार नाही, असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी घडी घातलेला तो जुना कागद काढला. पाच वाक्ये, खोडलेले ‘च’, आणि खाली निळ्या शाईत सहावे वाक्य नव्याने लिहिलेले: ‘गुरुवारी मी स्वयंपाकघरात जाणारच नाही.’

“हा एक ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “चालेल ना?”

माझ्या शास्त्राप्रमाणे मी त्यावर हरकत घ्यायला हवी होती. मी घेतली नाही.