कॅलिफोर्नियम-२५२ या आपोआप फुटणाऱ्या जड केंद्रकाचा स्पिन (म्हणजे स्वतःभोवती फिरण्याचा कोनीय संवेग) शून्य, मग फुटल्यावर त्याचे तुकडे गरगरतात कसे? आणि ते फिरणं मोजतात कशानं?

आधी मोजण्याचं सांगतो, कारण त्यात मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय.

पुण्यात एमएस्सीला होतो. पॅराफिनच्या पिंपात अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत, त्यात इंडियमची पातळ चकती ठेवायची, दोन-तीन तासांनी चिमट्यानं उचलून पलीकडच्या खोलीतल्या जीएम (गायगर-म्युलर) काउंटर या किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राखाली सरकवायची आणि दर पाच मिनिटांनी काउंट लिहायचे. आलेखातून अर्धायुष्य ५४ मिनिटं आलं, आम्ही खूश. व्हायवात सर म्हणाले, "इंडियम-११६चं अर्धायुष्य १४ सेकंद आहे. तुम्ही मोजलंत ते कोण?"

ते आयसोमर होतं. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉनही तेवढेच, पण ५ स्पिनच्या पायरीवर अडकून बसलेलं केंद्रक. मूळ अवस्थेचा स्पिन १. एकदम चार पायऱ्या उतरणं गॅमाला इतकं जड जातं, की ते खाली न येता तिथूनच बीटा सोडून कथिल होऊन जातं. आणि १४ सेकंदवालं? ते आम्ही चकती घेऊन खोली ओलांडून काउंटर चालू करेपर्यंत जवळजवळ संपलेलं.

आता गंमत बघा. चकतीतलं इंडियम-११५ न्यूट्रॉन गिळून ११६ होतं. इंडियम-११५चा स्पिन ९/२, मंद न्यूट्रॉनचा १/२. दोन्ही मिळून ४ किंवा ५. उतरायला सुरुवात तिथून, आणि प्रत्येक गॅमा एखाद-दोन एककंच घेऊन जातो. साहजिकच पाचांतले सुमारे चार त्या ५४ मिनिटांच्या पायरीवर जाऊन थांबतात, एखादाच १ पर्यंत पोचतो. म्हणजे आयसोमर किती आणि मूळ अवस्था किती, हे प्रमाण सांगतं की केंद्रक कितव्या पायरीवरून उतरायला लागलं होतं.

विखंडनात, म्हणजे केंद्रक फुटून दोन तुकडे होतात तिथे, हीच युक्ती. झेनॉन-१३५ घ्या. आयसोमरचा स्पिन ११/२, अर्धायुष्य १५ मिनिटं. मूळ अवस्थेचा ३/२, अर्धायुष्य ९ तास. तुकडा जोरात फिरत जन्माला आला असेल तर ११/२वाले जास्त सापडणार. जर्मेनियम डिटेक्टरवर दोघांचे गॅमा मोजायचे, तुकड्यानं न्यूट्रॉन आणि गॅमा सोडत केलेली उतरंड गणितानं उलटी चढायची आणि सुरुवातीचा स्पिन काढायचा. कॅलिफोर्नियमच्या तुकड्यांचा सरासरी स्पिन सहा-सात एच-बार (हेच स्पिन मोजायचं एकक) भरतो.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. झेनॉन-१३५ आयोडीन-१३५च्या बीटा क्षयातूनही येत राहतं, आणि ते झेनॉन विखंडनातल्या स्पिनबद्दल काही बोलत नाही. त्यामुळे रसायनशास्त्रवाल्यांना घड्याळ लावून वेगळं करावं लागतं. (बोन स्कॅनला टोचतात ते टेक्नेशियम-९९एमसुद्धा आयसोमरच, पण ते मॉलिब्डेनम-९९च्या क्षयातून मिळतं, म्हणून या कामाला निरुपयोगी.) ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी मापनं बरीच झाली आहेत. फिनलंडमध्ये युवॅस्क्युलाला तर आयसोमर थेट वजनावरून निवडतात. जास्त ऊर्जा म्हणजे जास्त वस्तुमान, आणि पेनिंग ट्रॅपला, म्हणजे विद्युत-चुंबकीय क्षेत्रात आयन कोंडून त्याचं वस्तुमान मोजणाऱ्या सापळ्याला, तेवढा फरक कळतो.

आता "शून्यातून फिरणं कुठून आलं?" बेरीज शून्य असली म्हणजे प्रत्येक आकडा शून्य असतो असं नाही. दोन तुकड्यांचे दोन स्पिन, शिवाय एकमेकांपासून दूर जाताना त्यांचा कक्षीय (एकमेकांभोवती फिरण्याचा) कोनीय संवेग, या तिन्हींची सदिश बेरीज शून्य हवी. आणि हे तिसरं खातं भलतंच उदार आहे. तुकडे इतक्या जोरानं दूर फेकले जातात, की त्यांच्या जाण्याची रेषा पाव फेमटोमीटर चुकली, म्हणजे प्रोटॉनच्या त्रिज्येपेक्षाही कमी, तरी पाच-सहा एच-बारचा हिशेब होतो. मी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली तेव्हा पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नव्हता.

फुटताना केंद्रक ताणलं जातं आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक मान उरते. पण ही गिरकी बसते कधी, ती मान तुटण्याआधी की नंतर? यावर खरं भांडण आहे. २०२१मध्ये फ्रान्सच्या ऑर्सेमधल्या प्रयोगातून दिसलं, की एका तुकड्याच्या स्पिनचा जोडीदाराच्या स्पिनशी संबंध लागत नाही, आणि वस्तुमानानुसार सरासरी स्पिन करवतीच्या दातांसारखा चढतो-पडतो. प्रयोगकर्त्यांचा निष्कर्ष: स्पिन मान तुटल्यावर येतो. लगेच सिद्धान्तवाल्यांनी दाखवलं, की तुटण्याआधीच्या वाकण्या-थरथरण्यातूनही असे एकमेकांशी नातं नसलेले स्पिन येऊ शकतात. मला दुसरी बाजू पटते. कारण ते तिसरं खातं असताना दोन स्पिननी एकमेकांशी मेळ राखायलाच हवा, अशी सक्ती उरत नाही.

आयसोमरचं प्रमाण मात्र या भांडणात साक्षीला येऊ शकत नाही. ते एका वेळी एकाच तुकड्याला विचारतं, आणि विचारतं तेव्हा जोडीदार केव्हाच दुसऱ्या दिशेला निघून गेलेला असतो.