मानेत गॅप पडली असन काय?

“मॅडम, हिच्या मानेत गॅप पडली असन काय?” आई दारातूनच विचारत आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मैत्री क्लिनिकची, म्हणजे किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सल्ला केंद्राची, समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगते.

मुलगी 18 वर्षांची, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली. मान दुखते म्हणून तिने मेडिकलमधून पट्टा आणला होता आणि तो झोपेतही काढत नव्हती. पंधरा दिवस झाले, ग्राउंडवर जाणंही बंद. “रातच्या बारापर्यंत मोबाईलात मुंडकं घालून रायते. एखाद्या दिवशी फोडूनच टाकीन,” आई म्हणाली आणि बोलता बोलता स्वतःचीच मान चोळू लागली.

डॉक्टरांनी तिला आधीच तपासलं होतं. हातांना मुंग्या नाहीत, पकड सैल नाही, चालताना तोल जात नाही, ताप नाही, कुठे पडल्याचा मार नाही. यातलं काही एक असतं तर मी गप्पा मारत बसले नसते, तिला परत डॉक्टरांकडेच धाडलं असतं. आणि गॅपचं म्हणाल तर मणक्यांच्या मध्ये चकत्या असतात, म्हणजे अंतर सगळ्यांच्याच मानेत असतं. लोक ज्याला गॅप म्हणतात, त्यात बहुतेक वेळा चकती झिजून ते अंतर उलट कमी झालेलं असतं. हे ऐकल्यावर पोरीने पहिल्यांदा माझ्याकडे वर बघितलं. भरतीच्या मेडिकल तपासणीत बाद होऊ, हीच धास्ती तिला आतून खात होती.

“घरी कशी बसतेस ते दाखव बरं.”

ती फरशीवर मांडी घालून बसली, फोन मांडीत ठेवला. हनुवटी आणि छातीत जेमतेम चार बोटांचं अंतर उरलं. फोन वडिलांचा. ते वावरातून येतात, त्यांचं जेवण, फोनवरची बोलणी आटोपली की नऊ वाजता तो हिच्या हाती पडतो. मग बारापर्यंत गणिताचे क्लास, जागची न हलता. आईला वाटत होतं, पोरगी रील बघते. “गनित पायते तू?” एवढंच ती म्हणाली. माझ्या मते त्या दिवशीचं निम्मं काम तिथेच झालं.

“गोळा किती किलोचा असतो गं तुमचा?”

“चार.”

“हात लांब करून किती वेळ धरशील?”

“नाही धरवत, मॅडम.”

“आणि मानेशी टेकवून?”

ती हसली. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. खांद्यांच्या सरळ वर असलं की मान ते सहज पेलते, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदाने 2014 मध्ये संगणकावर हिशोब मांडला, त्यात 60 अंश वाकलेल्या मानेवरचा भार सुमारे 27 किलो निघाला. हा आकडा पोरांच्या मोबाईलवर फिरतो आणि पोरं भेदरतात. तो भाराचा हिशोब आहे, मान मोडण्याचा नाही. वाकून बघणाऱ्या प्रत्येकाचीच मान दुखते, असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. मान वाकण्यासाठीच आहे. पण तीन-तीन तास एकाच जागी जखडली, त्यात झोप अपुरी, वर मनात धास्ती, म्हणजे ती दुखणारच.

“घरात छातीएवढं उंच काय आहे?”

“गव्हाची कोठी.”

ठरलं. कोठीवर उलटा डबा, त्यावर तांब्याला टेकवून फोन, म्हणजे तो डोळ्यांसमोर येतो. अर्धा क्लास उभ्याने, अर्धा भिंतीला पाठ टेकून, फोन गुडघ्यांवरच्या उशीवर. जाहिरात लागली की उठून पाणी प्यायचं. समजलेला भाग इअरफोन लावून अंगणात फिरत ऐकायचा. पट्टा बंद. डॉक्टर हो म्हणालेच होते, तेव्हा ग्राउंड हळूहळू सुरू. फोन सातलाच हिला मिळावा, म्हणजे दहाला झोपता येईल, हे वडिलांशी बोलायचं काम आईने आपणहून घेतलं.

महिन्याने दोघी आल्या. मान अजून अधूनमधून दुखत होती, पण पोरगी पहाटे धावायला जात होती आणि पट्टा कपाटात पडला होता. निघताना आई दारात थांबली.

“मॅडम, कापूस वेचता वेचता माही बी मान आखडते. दोन वर्सं झाले.”

मी तिला आत बोलावलं आणि वेचताना ओटी कशी बांधते ते दाखवायला सांगितलं.