स्प्लेंडरचा कॅम बदलायचा झाला तर सोबत अजून काय काय बदलावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2009 ची स्प्लेंडर प्लस आहे, 80 हजारांच्या वर पळाली आहे, हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागातून, कडकड आवाज येतो. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) दोनदा सेट केले तरी आठवड्याभरात आवाज परत. एक मिस्त्री म्हणतो नुसता कॅम, म्हणजे हेडमध्ये फिरून व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, टाकतो, दुसरा म्हणतो पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळंच काढावं लागेल. कुणाचं ऐकू?

दोघांचंही नका ऐकू. माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, तालुक्याच्या गावी, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांत सहा-सात तरी स्प्लेंडर, पॅशन नाहीतर सीडी डिलक्स असतात. इंजिन जवळजवळ एकच, 97.2 सीसीचं. त्यामुळे हे काम मी किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. चुकलो किती वेळा ते मात्र लक्षात आहे.

पहिली चूक सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. दूध घालणारा एक माणूस, गाडीला दोन्ही बाजूंना कॅन लावून रोज 60-70 किलोमीटर फिरणारा. कॅम गेलेला. त्याच्या खिशात पैसे कमी, मलाही दयामाया आली, म्हटलं रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे हात, अजून थोडे चालतील, नुसता कॅम टाकू. आवाज गेला, माणूस खूश. दीड महिन्यात गाडी परत दारात, तोच आवाज. उघडून बघतो तर नव्या कोऱ्या कॅमच्या नाकावर, म्हणजे उंचवट्यावर, जुन्या रॉकरने खरवडून ठेवलेलं. कॅमचे पैसे गेले आणि मजुरी मला फुकट करावी लागली.

म्हणजे कॅम आणि रॉकर हे जोडीने बदलायचे. या जुन्या इंजिनात रॉकरचा पाय कॅमवर सरळ घासत चालतो, मध्ये रोलर वगैरे काही नाही. मधे असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर. क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणजे इंजिन 8000 आरपीएमला असेल तर कॅम मिनिटाला 4000 वेळा फिरतो आणि तेवढ्याच वेळा प्रत्येक रॉकरला ढकलतो. जुन्या रॉकरच्या पायावर जुन्या कॅमच्या मापाची खाच पडलेली असते, बारीक खड्डे असतात. नवा गुळगुळीत कॅम त्याच्याखाली ठेवणं म्हणजे नव्या पाट्यावर टवके उडालेला जुना वरवंटा फिरवणं. दोन्ही रॉकर बदला, इनलेटचाही आणि एक्झॉस्टचाही. एकच खराब दिसतोय म्हणून एकच बदलणारे असतात, पण दुसराही तेवढेच किलोमीटर पळालेला असतो.

स्वतः तपासायचं असेल तर मिस्त्रीला कॅम काढल्यावर तुमच्या हातात द्यायला सांगा. कापडाने पुसा आणि नाकावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं की कॅम गेला, मग तो लांबून कितीही चकचकीत दिसो. तसंच रॉकरच्या पायावर करा. नंतर रॉकरची पिन बघा, म्हणजे ज्या दांड्यावर रॉकर झुलतो ती. मधोमध पायरी लागली असेल किंवा निळसर-तपकिरी झाली असेल तर तीही टाकून द्या. पिन स्वस्त असते आणि जुन्या पिनेवर नवा रॉकर ढिला बसला की टॅपेट कितीही सेट करा, टकटक राहतेच. तुमचे टॅपेट आठवड्यात सुटतात असं वाटतंय ना, त्यात पिनेचाही हात असू शकतो.

कॅमच्या बेअरिंगचं सोपं आहे. बोटात धरून फिरवायचं. वाळू असल्यासारखं करकरलं किंवा बाजूला खेळ लागला की नवीन. एवढं काढलंच आहे तर मी बेअरिंग नवीनच टाकतो, उगाच जीव टांगणीला कशाला.

टायमिंग चेनच्या, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या चेनच्या, बाबतीत बरेच जण हात आखडतात, आणि इथेच या इंजिनाची एक गोम आहे. यात ऑइल पंप फिरतो तो टायमिंग चेनच्याच जिवावर. चेन ज्या खालच्या दातेरी चकरीवरून जाते तिचा दांडा पलीकडे पंपाला फिरवतो. म्हणजे चेन ताणली, चकरीचे दात झिजले की टायमिंगचं तर बिघडतंच, वर ऑइल पोचवणाऱ्याचीही तब्येत बिघडते. 80 हजारांवर चेन, वरचं स्प्रॉकेट (दातेरी चकरी), रोलर आणि चेन ताठ ठेवणारा टेन्शनर असा पूर्ण सेट घ्या. नव्या चेनला झिजलेलं स्प्रॉकेट लावलं तर चेन पुन्हा लवकर ताणते. टेन्शनरचा जो दांडा खालून स्प्रिंगने दाबतो, त्याचं रबरी टोक बघा. जुन्या गाडीत ते दगडासारखं कडक झालेलं किंवा तुटून गेलेलं सापडतं. गाडी सुरू करताच खळखळ आणि रेस दिली की कमी, असा आवाज असेल तर निम्मा दोष त्याचाच. चेन बदलायला डाव्या बाजूचं मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक, काढावं लागतं, आणि ते पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढून घ्या. हातोडी-छिन्नी घेऊन बसलेला दिसला तर तिथून गाडी ढकलत घरी आणलेली बरी.

पॅकिंग आणि ओरिंग जे जे उघडेल ते नवीन. टॅपेटच्या झाकणाच्या ओरिंग, हेडच्या बाजूच्या झाकणाचं पॅकिंग, मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग. हेड खाली उतरवलंच तर हेड पॅकिंग नवीन, त्याबद्दल वाद नाही. हेडच्या नटांखालचे वायसर काढताना कोणता कुठला होता ते लक्षात ठेवायला सांगा. त्यात एक तांब्याचा असतो, कारण त्या स्टडजवळून ऑइल वर चढतं. तो दुसऱ्याच जागी बसला की तिथून ऑइल पाझरायला लागतं आणि माणूस विनाकारण हेड पॅकिंगला शिव्या देत बसतो.

आता दुसरा मिस्त्री. पिस्टन, रिंगा, बोरकाम यांचा कॅमशी काही संबंध नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत नसेल, ऑइल कमी होत नसेल, चढावर गाडी दम सोडत नसेल, तर तिकडे हात लावू देऊ नका. व्हॉल्व्हचंही तसंच. हेड खाली आलंच असेल तर प्लग बसवून हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह जिथे दिसतात त्या खळग्यात थोडं पेट्रोल ओता आणि दोन मिनिटं थांबा. व्हॉल्व्हच्या कडेने पेट्रोल झिरपलं तर ग्राइंडिंग करून घ्या. नाही झिरपलं तर व्हॉल्व्ह ठीक. हेड उघडलंय तर व्हॉल्व्हचे सील मात्र बदला, किरकोळ खर्च आहे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न कुणीच विचारत नाही: कॅम कशामुळे गेला? कॅम आपोआप जात नाही हो. नव्वद टक्के वेळा वर ऑइल पोचत नव्हतं, किंवा पोचत होतं ते ऑइल उरलंच नव्हतं, नुसता काळा काढा. त्यामुळे पार्ट आणण्याआधी ऑइलचा रस्ता तपासा. उजव्या बाजूचं क्लच कव्हर उघडून खालची जाळी काढायची, आणि क्रँकच्या टोकाला जो फिरता गोल फिल्टर असतो तो उघडून आतला थर खरवडायचा. या गाडीत कागदी फिल्टर नसतो, कचरा तिथेच साचतो. कॅम खाल्ला गेला म्हणजे तो लोखंडी भुगा कुठेतरी गेलाच असणार, आणि तो तसाच ठेवून नवा कॅम बसवला तर तोच भुगा नव्या कॅमवर फिरणार. मी एकदा पॅकिंगला फासलेली पेस्ट ऑइलच्या भोकात जाऊन बसलेली काढली आहे. आधीच्या कुणीतरी पुरणपोळीवर तूप घालावं तशी पेस्ट लावली होती. बारीक भोक बंद, हेड कोरडं, कॅम खलास. पंपाचे रोटर झिजलेले दिसले तर पंपही बदला.

बसवताना तुम्ही समोर उभे राहा. कॅमच्या नाकांवर, रॉकरच्या पायांवर आणि पिनांवर ऑइल चोपडूनच बसवायचं, कोरडं नाही. मॅग्नेटवरची टी खूण केसवरच्या खुणेसमोर, आणि वरच्या स्प्रॉकेटवरचा ओ हेडवरच्या खाचेसमोर आलाच पाहिजे. एक दात चुकला की गाडी किक खात राहील आणि पिकअप गेलेला असेल. टॅपेट थंड इंजिनवरच सेट करायचे, दोन्ही रॉकर ढिले असताना आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून. बोटाने हलवून 'झालं बघा' म्हणणाऱ्याकडून नाही. इथे हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो.

मग टॅपेटच्या भोकांतून थोडं ऑइल कॅमवर सोडा. प्लग काढून पंधरा-वीस किका मारा, म्हणजे पंप भरतो. प्लग लावून गाडी चालू केली की इंजिन हळू चालू ठेवून वरचं टॅपेटचं झाकण थोडं सैल करा. तिथून ऑइल ओघळायला लागलं तरच काम झालं. नाही आलं तर लगेच बंद करा, 'येईल थोड्या वेळाने' म्हणत थांबायचं नाही. नवा कॅम खराब व्हायला तेवढा वेळ पुरतो.

तुमच्या गाडीला याहून वेगळं काही करायला नको. पुशरॉडच्या, म्हणजे कॅम खाली असून लांब काठ्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, जुन्या जीपवाले नवा कॅम आणि टॅपेट टाकले की पहिली वीस मिनिटं इंजिन 2000 आरपीएमच्या आसपास धरून ठेवतात, ते त्या इंजिनांचं शास्त्र. ते बघून कुणी तुमची स्प्लेंडर स्टँडवर उभी करून पिळायला लागला तर थांबवा.

पार्ट ओरिजिनलच घ्या, तेही स्वतः काउंटरवर जाऊन. डुप्लिकेट कॅमचं वरचं कडक कातडं पातळ असतं, ते सोललं की आतला मऊ लोखंड उघडा पडतो. आणि जुने पार्ट पिशवीत मागून घ्या. द्यायला कुणी नाही म्हणत असेल तर काहीतरी पाणी मुरतंय.

ऑइल 10डब्ल्यू30, चांगल्या ठिकाणाहून. 500 किलोमीटरला ते काढून टाका, कितीही स्वच्छ दिसलं तरी, आणि त्याच दिवशी टॅपेटचा गॅप परत बघून घ्या. नवे पार्ट बसताना तो थोडा हलतो.