हसवणाऱ्या गाण्याविषयी, एका नव्या गीतकारास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी विनोदी गाणी वाचली आणि पेटीवर धरूनही पाहिली. वाचताना हसू आले, पण चाल लावून म्हणताना ते विरून गेले. चुटका एकदा ऐकला की संपतो. गाणे मात्र आवडले तर माणूस शंभरदा ऐकतो, आणि ध्रुवपद तर एकाच गाण्यात चार वेळा फिरून येते. तुझा बहुतेक विनोद शेवटच्या ओळीतल्या धक्क्यावर उभा आहे, आणि तो धक्का दुसऱ्या खेपेला उरत नाही. पुढची ओळ पाठ असतानाही ती येण्याची वाट पाहावीशी वाटेल, असे काहीतरी गाण्यात असावे लागते.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातले 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' हे पद नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथाला द्यायला निघाला आहे आणि शारदेची मैत्रीण वल्लरी त्या नवरदेवाचे वर्णन करते आहे. आता ही ओळ जरा जवळून पाहा. आधी 'म्हातारा' हा शब्द येतो, लगेच 'इतुका न' म्हणून तो मागे घेतल्यासारखा होतो, मग 'अवघे' या शब्दाने ऐकणाऱ्याला दिलासा मिळतो, आणि त्यानंतर आकडा! लग्न जुळवणारा मध्यस्थ जी भाषा वापरील तीच वल्लरीने उचलली आहे; तिने नवरदेवाला एकही शिवी दिलेली नाही, उलट त्याची बाजूच घेतली आहे. पुढे दात, डोळे, मान असा एकेक अवयव हाताशी धरून हे कौतुक चालू राहते. सव्वाशे वर्षांनंतरही हे पद शिळे झालेले नाही, कारण त्यातले हसू वल्लरीच्या स्वभावातून आणि त्या लग्नातल्या अन्यायातून येते. शिवाय ते हसू पैसेवाल्या वराच्या वाट्याला गेले आहे, मुलीच्या नव्हे. मोलकरणीच्या बोलण्याच्या लकबीवर तू लिहिलेले गाणे मला त्यामुळेच रुचले नाही. ते काढून टाक.

विनोदाचा दुसरा झरा निव्वळ नादात असतो. १९४९ च्या 'पतंगा' या हिंदी चित्रपटात राजेंद्र कृष्ण यांनी रंगूनला गेलेल्या नवऱ्याला 'टेलिफून' करायला लावले. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आणि शमशाद बेगम यांच्याबरोबर 'चितळकर' या नावाने गायलेही तेच. विषय पाहिला तर विरहाचा, म्हणजे आपल्या लावण्यांइतकाच जुना. पण मध्ये टेलिफोन आला आणि त्याचा उच्चार यमकासाठी राजरोस वाकवला गेला. हा वाकवलेला शब्द कानाला दर वेळी नव्याने गुदगुल्या करतो. दोघेही आपापले दुःख मात्र गंभीरपणे सांगतात. गाणारा स्वतःच हसू लागला की ऐकणाऱ्याला हसायला जागा उरत नाही, हे तमाशातल्या मावशीला पक्के ठाऊक असते.

द्वयर्थाबद्दल थोडेच लिहितो. दादा कोंडके यांच्या गाण्यांचे नाव घेऊन तू स्वतःचे समर्थन केले आहेस, पण तशा गाण्यात वरचा, साधा अर्थ स्वतंत्रपणे पुरा उभा राहावा लागतो, म्हणजे ऐकणारा दुसऱ्या अर्थाला हसला तर ती जबाबदारी त्याची होते. तुझ्या ओळींत वरचा अर्थच लागत नाही, त्यामुळे उरतो तो नुसता चावटपणा.

कारागिरीची एक बाब राहिली. ज्या शब्दावर हसू यायचे तो ओळीच्या तोंडाशी घालू नकोस आणि जोडाक्षरांच्या गर्दीतही कोंबू नकोस. गायकाला तो स्वच्छ उच्चारता आला पाहिजे आणि त्यानंतर ठेक्यात श्वासभर मोकळी जागा हवी, नाहीतर लोक हसतील तेवढ्यात पुढची ओळ वाहून जाईल. मंगेश पाडगावकरांच्या 'सांग सांग भोलानाथ' मध्ये प्रत्येक प्रश्नानंतर ही उसंत आपोआप मिळते. आठवड्यात तीन रविवार मागणारे ते पोर विनोद करत नसते, त्याला ते खरोखरच हवे असतात. (आणि विचारतो कोणाला, तर कशालाही मान डोलावणाऱ्या नंदीबैलाला!)

सोसायटीच्या चेअरमनवरचे तुझे गाणे मात्र टाकू नकोस. सध्या त्यात रहिवासी चेअरमनची टवाळी करतात. त्याऐवजी ते चेअरमनलाच गायला दे. टाकी धुण्यासाठी सभा, दिवा बदलण्यासाठी सभा, सभेची तारीख ठरवण्यासाठीही सभा, हे सगळे त्याला छाती फुगवून, मनापासून सांगू दे. 'असा हा आमचा चेअरमन' हे शेवटचे कडवे मग लागणारच नाही. नवा खर्डा झाला की चालीसकट पाठव.

तुझा हितचिंतक