आयर्लंडमध्ये डाव्यांचे सरकार येईल का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑक्टोबर २०२५ मध्ये डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर कॅथरिन कॉनली ६३ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाल्या. पुढचे सरकार डाव्यांचेच, असे धरून चालायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. मतदान ४६ टक्क्यांच्या आसपासच झाले, सुमारे १३ टक्के मतपत्रिका बाद ठरल्या आणि सत्ताधारी आघाडीतल्या फियाना फॉल पक्षाच्या उमेदवाराने प्रचार ऐन भरात असताना माघार घेतली. शिवाय राष्ट्राध्यक्षपद बहुतांशी शोभेचे आहे, त्यामुळे घरभाडे किंवा कर वाढण्याची धास्ती न बाळगता तिथे मत देता येते. शिन फेन, लेबर, सोशल डेमोक्रॅट्स, पीपल बिफोर प्रॉफिट आणि ग्रीन हे पक्ष एका उमेदवारासाठी एकत्र राबू शकतात, एवढे मात्र त्या निवडणुकीने दाखवले, आणि ते थोडे नाही.

संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, म्हणजे डॉलचे, गणित वेगळे आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत १७४ जागांपैकी शिन फेनला ३९, लेबर आणि सोशल डेमोक्रॅट्सना प्रत्येकी ११, पीपल बिफोर प्रॉफिट-सॉलिडॅरिटीला ३ आणि ग्रीनला १ जागा मिळाली. बेरीज ६५, बहुमताला ८८ हवेत. फियाना फॉल (४८) आणि त्याचा सत्तेतला जोडीदार फिना गेल (३८) यांना दोनच जागा कमी पडल्या आणि त्या अपक्षांनी भरून काढल्या.

प्रश्न : तिथल्या पसंतीक्रमाच्या मतदानाने ही तूट भरून निघू शकते का?

उत्तर : पूर्ण नाही, पण काही प्रमाणात नक्कीच. प्रत्येक मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच सदस्य निवडले जातात आणि मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. चार जागांसाठी ५०,००० वैध मते पडली, तर निवडून यायला १०,००१ मते पुरतात. त्यावरची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवारांकडे वळवली जातात आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिकाही तशाच वाटल्या जातात. मोजणीच्या दिवशी कठड्याला टेकून, हातात पेन्सिल घेऊन, उघडणाऱ्या प्रत्येक पेटीतल्या पसंतीच्या खुणा टिपणारे कार्यकर्ते पाहिले, की या देशात दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीला किती मोल आहे ते कळते.

२०२० मध्ये शिन फेनला पहिल्या पसंतीची २४.५ टक्के मते मिळाली, पण पक्षाने उमेदवार उभे केले होते अवघे ४२, आणि त्यांतले ३७ निवडून आले. उरलेली मते इतर डाव्यांच्या पदरात पडली. डब्लिन साउथ सेंट्रलमध्ये एंगस ओ स्नोडी यांच्या अतिरिक्त मतांवर पीपल बिफोर प्रॉफिटच्या ब्रीड स्मिथ तरल्या. पण पसंतीक्रम असलेली मते कामी लावतो, नवी मते आणत नाही. तेवीस जागांची तूट नुसत्या पसंतीक्रमाने भरेल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : लेबर पक्ष निवडणुकीआधीच डाव्यांची आघाडी जाहीर का करत नाही?

उत्तर : दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. १९९२ मध्ये ३३ जागा मिळवून लेबर सत्तेत गेला आणि १९९७ मध्ये १७ वर आला. २०११ च्या ३७ जागांच्या २०१६ मध्ये ७ झाल्या. ग्रीन पक्ष २०२० मध्ये १२ जागांनिशी सरकारात गेला आणि २०२४ मध्ये त्याचा एकच सदस्य उरला. सत्तेतला धाकटा भाऊ होण्याची किंमत ही अशी मोजावी लागते, आणि थोरला भाऊ फिना गेलऐवजी शिन फेन असला म्हणून ती आपोआप घटणार नाही. (१९६९ मध्ये याच लेबरने ‘सत्तरचे दशक समाजवादी असेल’ अशी घोषणा दिली होती, १९७३ मध्ये तो फिना गेलबरोबर सरकारात बसला.)

खरा पेच विश्वासाचा आहे. फियाना फॉलबरोबर जाण्याचा दरवाजा शिन फेनने आजवर कायमचा बंद केलेला नाही. तो उघडा असेपर्यंत धाकट्या पक्षांनी आपले पत्ते आधी का उघडावेत?

प्रश्न : शिन फेनला डावा पक्ष म्हणता येईल का?

उत्तर : घरबांधणी आणि आरोग्याच्या धोरणांत निश्चित. परंतु त्याची मुळे राष्ट्रवादात आहेत, आणि स्थलांतराच्या प्रश्नावर त्याच्या कामगार वस्त्यांतल्या मतदारांची व शहरी उदारमतवादी मतदारांची ओढ दोन दिशांना आहे. जून २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत पक्ष ११.८ टक्क्यांवर घसरला, त्यात या ओढाताणीचा मोठा वाटा होता, असे माझे मत आहे.

प्रश्न (डब्लिनहून) : माजी पंतप्रधान लिओ वराडकरांमुळे आमच्याकडे आयरिश राजकारणाची चर्चा होते. नागरिकत्व नसताना आम्हाला मत देता येते का?

उत्तर : लिओ वराडकर फिना गेलचे, म्हणजे मध्यममार्गी उजव्या पक्षाचे; डिसेंबर २०१९ मध्ये ते वडिलांच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले, तेव्हा गावाने स्वागत केले ते घरच्या मुलाचे, पक्षाचे नव्हे. डॉलच्या निवडणुकीत आयरिश व ब्रिटिश नागरिकांनाच मत देता येते. स्थानिक परिषदांसाठी मात्र राष्ट्रीयत्वाची अट नाही. तिथले रहिवासी असून मतदार यादीत नाव असले, की पुरते. त्या निवडणुका पुन्हा २०२९ मध्ये आहेत.