सासूबाईंचा गुडघा आणि अद्वैत

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. करवीर नगर वाचन मंदिरातून त्यांनी मुंबईत अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या संभाषणांचं पुस्तक आणलं, तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. ‘गुरू सापडला, पण तो 1981 सालीच गेलेला,’ या विचारानं भाकरी थापताना रडू येतं. अद्वैत म्हणतं तसं सगळं एकच असेल तर घट बसवणं, अंबाबाईची ओटी भरणं हे ढोंग नव्हे का, असंही वाटतं. त्यात मागच्या आठवड्यात सासूबाई गुडघा धरून कण्हत होत्या, तर ताई म्हणाल्या, “आई, दुखतंय ते शरीराला. तुम्ही म्हणजे शरीर नाही.” त्या दिवसापासून सासूबाईंचा अबोला, आणि नवरा म्हणतो पुस्तक बंबात घालीन. पुण्यात एक शिबिर आहे, फी भरून जावं का, हा शेवटचा प्रश्न.

ताई, आधी गुडघ्याचं बघू.

तुम्ही ते पुस्तक किती वेळा वाचलंय ते पत्रावरून कळतंच. मग एक गोष्ट कशी निसटली? त्यातली 101 च्या 101 संभाषणं प्रश्नोत्तरांची आहेत. मुंबईत खेतवाडीतल्या महाराजांच्या घरच्या माळ्यावर माणूस जिना चढून यायचा, बसायचा, आपल्या मनातलं विचारायचा, आणि मग महाराज बोलायचे. समोर कोण बसलंय, त्याला काय खुपतंय, हे बघून बोलायचे. सासूबाईंनी तुम्हाला ‘मी कोण’ असं विचारलं होतं का हो? त्यांना फार तर तेलाची बाटली हवी होती. महाराजांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा देहाच्या दुखण्याबद्दल ते अलिप्तपणे बोलले, पण ते स्वतःच्या देहाबद्दल.

आणि रागावू नका, पण तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय, ‘लग्न झाल्यापासून आईंच्या कुरकुरीला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता मिळालं.’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. इथं मला तरी अद्वैत कमी आणि जुना हिशेब जास्त दिसतो. पुस्तक वाचून माणसाला सासूला गप्प करायची सोय झाली, तर सासूला त्या पुस्तकाबद्दल काय वाटणार? आज संध्याकाळी तेल कोमट करून त्यांच्या पायाशी बसा. माफी तोंडानं मागायला जमत नसेल तर नका मागू, चोळताना कळतं ते. तत्त्वज्ञानातलं अक्षर काढू नका. आणि गुडघ्याचा एक्स-रे कधी काढलाय का, तेही विचारा.

आता गुरू गेल्याचं दुःख. ते खरं आहे, त्याला मी हसणार नाही. पण हेही बघा. निसर्गदत्तांना सिद्धरामेश्वर महाराजांचा अनुग्रह मिळाला 1933 साली, आणि सिद्धरामेश्वर गेले 1936 मध्ये. जेमतेम तीन वर्षं! ‘मी आहे’ एवढी जाणीव धरून बस, असं गुरूंनी सांगितलं आणि ह्यांनी ते धरलं. पुढे एकदा घर सोडून भटकलेही, पण परतून आले ते खेतवाडीत, बायकोमुलांत आणि विडीच्या दुकानात. तुमच्या हातात पुस्तक आलं तेही एका पोलिश इंजिनियरामुळे. मॉरिस फ्रीडमन, ज्यांनी आपल्या औंध संस्थानाच्या स्वराज्याच्या प्रयोगात काम केलं होतं, त्यांनी महाराजांच्या मराठी बोलण्याच्या टेप ऐकून इंग्रजी पुस्तक केलं, ते 1973 साली आलं.

ओटीचं विचारलंत. त्याच माळ्यावर रोज भजन-आरती व्हायची, गुरूंच्या फोटोंना गंध लागायचं. परदेशी पाहुणे टाळ वाजतायत बघून चक्रावत असणार. महाराजांना त्यात ढोंग वाटलं नाही, मग तुम्हाला का वाटावं? घट बसवा. मन लागत नसेल त्या वर्षी थोडक्यात आटपा, अंबाबाई हजेरी मांडत नाही.

नवऱ्याचा राग पुस्तकावर नसावा. जेवताना तुम्ही समोर असून नसता, असं त्यांनी म्हटल्याचं तुम्हीच लिहिलंय. ताटावर असताना पुस्तक फडताळात ठेवा. तसंही ते वाचनालयाचं आहे, बंबात गेलं तर भरपाई तुम्हालाच भरावी लागेल.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. आरशात बघून ‘ही कोण?’ वाटतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. कुतूहल असेल तर हरकत नाही. पण त्याची भीती वाटत असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर अध्यात्मावर ढकलू नका. मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा.

राहिलं पुणं. अहो, कणेरी मठाचे काडसिद्धेश्वर महाराज, 2001 साली गेले ते, सिद्धरामेश्वरांचेच शिष्य. म्हणजे निसर्गदत्तांचे गुरुबंधू तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते! त्या मठात मुलांना म्युझियममधले पुतळे दाखवायला तुम्ही गेलाच असाल. या गुरुपरंपरेचे मूळ पुरुष भाऊसाहेब महाराज, तेही शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या, जत तालुक्यातल्या उमदीचे. या परंपरेत दासबोधावर निरूपण चालतं, आणि तुमच्या पत्रात आहे की सासूबाईंच्या उशाशी दासबोध असतो, पण आता अक्षर दिसत नाही. रोज एक समास त्यांना वाचून दाखवा. अर्थ त्यांनाच विचारा, तुम्ही सांगू नका.

शिबिराची फी भरली नसेल तर राहू द्या. भरली असेल तर निम्मी तरी परत मिळते का, फोन करून बघा.