इंद्रजाल कॉमिक्सचा संग्रह : सोडताना आणि पुन्हा धरताना

संग्रहाचा कंटाळा आला असेल तर तो खुशाल थांबवावा, परंतु अंक रद्दीत घालू नयेत. मी नोकरी लागल्यावर इंद्रजाल या चित्रकथा मालिकेतल्या वेताळ (फँटम) आणि जादूगार मँड्रेक या नायकांच्या अंकांचे दोन गठ्ठे किलोच्या भावाने देऊन टाकले आणि वीस वर्षांनी तेच अंक पदपथावरून एकेक करून, घासाघीस करूनही चढ्या किमतीला परत घेत बसलो.

संग्रहाकडे परतताना पहिली चूक होते ती जुनी उणीव एका महिन्यात भरून काढण्याच्या हट्टामुळे. १९६४ ते १९९० या काळात या मालिकेचे आठशेहून अधिक अंक निघाले. ते सगळे मिळवण्याऐवजी केवळ मराठी आवृत्ती किंवा आबिद सुरती यांनी निर्माण केलेल्या बहादूरच्या कथा, असा एखादाच धागा धरावा.

अंक हातात आला की मुखपृष्ठावर भाळण्याआधी मधले पान उघडावे. पिना गंजून कागदावर तांबूस डाग उतरला आहे का, जोडपान निखळले आहे का, आणि कोडी किंवा कूपन कात्रीने कापून नेले आहे का, हे तेथेच कळते. गंजलेली पीन ओढून काढू नये. मागून तिची टोके हलकेच सरळ करून ती सोडवावी. पावसाळ्यात अंक भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नयेत आणि कसर लागलेला अंक इतरांत मिसळू नये. चिकटपट्टी तर मुळीच वापरू नका. ती काही वर्षांत पिवळी पडून चित्रासकट निघते.